रकाना कोणाच्या सोयीचा?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेबाहेर आई-वडिलांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझचे फोटो. आतला मुलगा एकेकाला समोर बसवतो, भराभर टाइप करतो, मध्येच ‘काका, ओटीपी आला का बघा’ म्हणतो आणि शेवटी प्रिंट हातात ठेवून पैसे घेतो. या रांगेतल्या बहुतेकांच्या खिशात स्मार्टफोन असतो. त्याच फोनवरून ते भाजीवाल्याला पैसे देतात आणि घरच्या लग्नाचे फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतात. मग अर्ज भरायला त्यांना मधला माणूस का लागतो?

‘लोकांना जमत नाही’ असं याचं उत्तर सहज दिलं जातं. मला ते मान्य नाही. कुठलाही अर्ज भरायचा म्हणजे काही कष्ट पडणारच. माहिती शोधायची, ती सांगितलेल्या साच्यात बसवायची, बरोबर आहे का ते तपासायचं. यातलं किती काम भरणाऱ्याने करायचं आणि किती यंत्राने, हे मात्र फॉर्म बनवणारा ठरवतो. तो बहुतेक वेळा नकळत सगळा भार भरणाऱ्यावर टाकतो आणि मग भरणारा चुकला म्हणून लाल अक्षरांत त्याला सुनावतो. फॉर्म सोपा करणं म्हणजे हा भार एकेका रकान्यातून काढून यंत्रावर ठेवत जाणं.

कागदी फॉर्ममध्ये एक मोठी सोय होती. रकान्यात मावलं नाही तर समासात लिहिता यायचं. ‘वडील हयात नाहीत’ असं बाजूला लिहिलं की खिडकीपलीकडचा कारकून ते वाचायचा. कधी वैतागायचा, पण समजून घ्यायचा. वेबवरच्या फॉर्मचा पहिला वाचक यंत्र असतं आणि त्याला समास वाचता येत नाही. वेबपानं ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात फॉर्मची मूळ सामग्री सगळी होती: मजकुराचा रकाना, टिक करायची चौकट, अनेकांतून एक निवडायचं गोल बटण, खाली उघडणारी यादी, ‘सबमिट’ आणि ‘रीसेट’. आजही आपण मुख्यतः याच सामानावर काम करतो. त्यातलं ‘रीसेट’ म्हणजे भरलेलं सगळं एका फटक्यात पुसून टाकणारं बटण. वेब वापरायला सोपं असावं यासाठी आयुष्यभर लिहीत आलेल्या जेकब नील्सन यांनी २००० सालीच ते काढून टाकायला सांगितलं होतं. तरीही अजून किती तरी फॉर्मांत ते सबमिटला खेटून उभं असतं.

आधी प्रश्न कमी करा

रकाना कसा दिसावा हे नंतर. तो हवा कशाला, हा पहिला प्रश्न. प्रवासाची आरक्षणं करून देणाऱ्या ‘एक्स्पीडिया’ या अमेरिकी कंपनीची हकिगत या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तिच्या पैसे भरण्याच्या पानावर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. भरला नाही तरी चालणारा, म्हणून कोणाला त्याचं ओझं वाटलं नव्हतं. पण काही ग्राहकांची समजूत झाली की इथे कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव लिहायचं आहे. बँकेचं नाव लिहिल्यावर खालच्या पत्त्याच्या रकान्यात ते साहजिकच बँकेचा पत्ता लिहीत. कार्डाच्या नोंदीतल्या घरच्या पत्त्याशी तो जुळत नसे आणि व्यवहार फेटाळला जाई. रकाना काढून टाकला, आणि त्यामुळे वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीतर्फे २०१० साली सांगण्यात आलं. नको असलेला रकाना शेजारच्या रकान्यांचाही अर्थ बदलतो, हे यातून नीट दिसतं.

दुसरी हकिगत वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ साली लिहिलेली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात सामान निवडून झालं की पैसे भरण्याआधी एक छोटा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, लॉग-इन, नोंदणी. बनवणाऱ्यांना वाटत होतं, एकदा नोंदणी केली की पुढच्या खेपेला ग्राहकाचा वेळ वाचेल. प्रत्यक्षात नवे ग्राहक नोंदणीच्या नावानेच बिचकत आणि जुन्यांना कुठला ईमेल दिला होता ते आठवत नसे. नोंदणीच्या बटणाच्या जागी ‘पुढे चला’ असं बटण आणि ‘खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही’ एवढा खुलासा ठेवला. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जास्त विक्री झाली.

फॉर्म या विषयावर ज्यांचं पुस्तक आजही हाताशी ठेवावं अशा कॅरोलाइन जॅरेट यांचा आग्रह असतो की फॉर्म बनवण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे काही गोष्टी लिहून काढाव्यात. हे उत्तर संस्थेत कोण वापरणार? कशासाठी? ते सक्तीचं आहे का? कोणी खोटं किंवा भलतंच उत्तर दिलं तर काय बिघडेल? एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर ही कसोटी लावून पाहा. वडिलांचा व्यवसाय, आईचं शिक्षण, रक्तगट, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’. यातल्या अर्ध्यांचा वापर कोण करतं असं विचारलं तर कार्यालयात कोणालाच सांगता येणार नाही. मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये होते म्हणून ते या वर्षी आहेत. आता कायदाही याच बाजूचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माणसाने दिलेली संमती त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. ‘असू द्या, कधी तरी लागेल’ हे माहिती गोळा करायचं कारण होऊ शकत नाही.

नाव

सगळ्यात साधा वाटणारा रकाना सगळ्यात जास्त लोकांना अडवतो. ‘फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम’ ही तीन खणांची पद्धत आपण अमेरिकेहून उचलली. तिथे मधलं नाव म्हणजे त्या माणसाचंच दुसरं नाव. आपल्याकडे मधल्या खणात वडील येतात, लग्नानंतर बहुधा नवरा येतो. एकाच बाईचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकेचं खातं दोन्हींचं मिश्रण असलेल्या नावाने असणं हे महाराष्ट्रात घरोघरी दिसतं. फॉर्म म्हणतो ‘आधारप्रमाणे नाव लिहा’, आणि पुढच्याच पानावर मार्कलिस्टवरचं नाव त्याच्याशी जुळवून पाहतो. ती बाई दोन्हीकडे खरंच सांगत असते. यंत्र तिला खोटं ठरवतं.

महाराष्ट्राबाहेर गेलात की तीन खणांची पंचाईत आणखी वाढते. दक्षिणेत अनेकांना आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. आडनावाचा रकाना सक्तीचा केला की ते तिथे टिंब टाकतात किंवा आपलंच नाव पुन्हा लिहितात, आणि ते टिंब मग तिकिटावर, ओळखपत्रावर, प्रमाणपत्रावर छापून येतं. शिवाय आपल्या राज्यातच नावाची घडण बदलते आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव या क्रमाने नोंदवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. ही मुलं लवकरच शाळेच्या दारात येतील, तेव्हा तीन खणांच्या फॉर्मांत चौथं नाव कुठे बसवायचं? बसवायला जागाच नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने आणि ब्रिटिश सरकारच्या फॉर्म-रचनेच्या मार्गदर्शिकेने यावर सारखाच सल्ला दिला आहे: शक्य असेल तिथे पूर्ण नावासाठी एकच लांब रकाना ठेवा. आडनाव वेगळं हवंच असेल तर त्याचं कारण संस्थेकडे असलं पाहिजे, आणि तो रकाना रिकामा सोडण्याची मुभाही असली पाहिजे.

आता हेच नाव देवनागरीत लिहू. ‘ज्योत्स्ना’ हे नाव आपण बोटांवर मोजलं तर दोन अक्षरांचं: ज्यो आणि त्स्ना. संगणकाला ते तसं दिसत नाही. संगणकात लिप्या साठवण्याच्या ‘युनिकोड’ या पद्धतीमध्ये प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्त खूण आणि प्रत्येक मात्रा हे वेगळं चिन्ह असतं. ज, हलन्त, य, ओकाराची मात्रा, त, हलन्त, स, हलन्त, न, आकाराची मात्रा: एकूण १० चिन्हं. साठवताना प्रत्येकी ३ बाइट धरले तर ३० बाइट. ज्याने ‘नावाला २० बाइट पुरे’ असं इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं, त्याच्या फॉर्ममध्ये ज्योत्स्नाताईंचं पहिलं नावही पूर्ण मावणार नाही. त्याहून वाईट प्रकार तपासणीत होतो. ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ हा नियम लिहिताना बनवणारा युनिकोडमधला ‘अक्षर’ हा वर्ग निवडतो आणि समाधानाने पुढे जातो. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं त्या वर्गात येतच नाहीत. त्यांचा ‘खुणा’ असा निराळा वर्ग आहे. मग ‘कमल’ चालतं आणि ‘विमल’ला फॉर्म म्हणतो, ‘नावात अयोग्य चिन्ह आहे.’ हा दोष दुरुस्त करायला नियमात एक तुकडा वाढवावा लागतो, बस. पण तो दोष आहे हे कळण्यासाठी आधी कोणी तरी मराठीत नाव टाइप करून पाहिलेलं असावं लागतं.

गोऱ्हे, कुऱ्हाडे यांच्यासारख्या आडनावांत आणखी एक खोच आहे. तो अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, आत वेगवेगळे साठवले जातात. अर्जातलं आडनाव आणि नोंदवहीतलं आडनाव डोळ्यांना एकच, पण यंत्र म्हणतं जुळत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच रूपात आणायची सवय प्रोग्रॅमरने लावून घ्यावी. ज्याचं आडनाव आहे त्याला ही भानगड कधी कळताच कामा नये.

आकडे

आधार कार्डावर १२ अंक चार-चारच्या तीन गटांत, मध्ये जागा सोडून छापलेले असतात. कार्डावर पाहून कोणीही तसेच टाइप करतो, कारण तसे वाचायला आणि पडताळायला सोपे जातात. फॉर्म बनवणाऱ्याने रकान्याला १२ चिन्हांची मर्यादा घातलेली असते. दोन मोकळ्या जागांनी त्यातली दोन घरं खाल्ली की शेवटचे दोन अंक रकान्यात उमटतच नाहीत, आणि खाली संदेश येतो: ‘आधार क्रमांक १२ अंकी असावा.’ माणूस पुन्हा कार्ड बघतो, पुन्हा टाइप करतो, पुन्हा तेच. मोकळ्या जागा काढून टाकणं हे यंत्राला क्षणार्धाचंही काम नाही. मोबाइल नंबराचंही असंच. कोणी पुढे शून्य लावतो, कोणी +९१ लावतो, कोणी मध्ये आडवी रेघ देतो. सगळं घ्यावं, आतले शेवटचे १० अंक वेगळे करावेत आणि माणसाला दाखवून खात्री करून घ्यावी. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर अंकही देवनागरी उमटू शकतात. ‘५’ हा देखील पाचच आहे, पण इंग्रजी शून्य ते नऊ एवढंच ओळखणारी तपासणी तो फेटाळते. अख्खा फॉर्म मराठीत छापायचा आणि मराठी अंक घ्यायचे नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा चिन्हं शाखेची, आणि मधलं पाचवं नेहमी शून्य. पासबुकावरच्या पुसट छपाईत तो शून्य इंग्रजी ‘ओ’ सारखा दिसतो आणि लोक ‘ओ’ टाइप करतात. पाचव्या जागी दुसरं काही येऊच शकत नसेल तर यंत्राने तो ‘ओ’ मुकाट्याने शून्य करून घ्यावा आणि कोडवरून निघणारं बँकेचं, शाखेचं नाव लगेच खाली दाखवावं. ‘हीच ना तुमची शाखा?’ या प्रश्नाला उत्तर देणं कोणालाही जमतं.

असे क्रमांक घेताना एक तांत्रिक चूक वारंवार होते. ब्राउझरमध्ये ‘संख्या’ या प्रकारचा खास रकाना मिळतो, तो पाहून वाटतं, क्रमांकासाठी हाच योग्य. पण तो मोजायच्या संख्यांसाठी आहे. त्यावर माउसचं चाक फिरलं तर आकडा कमी-जास्त होऊ शकतो, आणि भरलेलं उत्तर पुढे संख्या म्हणून धरलं गेलं तर सुरुवातीचे शून्य गळतात. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांचे फॉर्म ठरवणाऱ्या गटाने २०२० साली हा प्रकार सोडून साधा मजकुराचा रकाना घेतला आणि फोनला एवढंच सांगितलं की इथे अंकांचा कीबोर्ड उघड. ‘इनपुटमोड’ नावाच्या एका गुणधर्माने ते होतं. फोनवर मोठ्या आकड्यांची पाटी समोर आली की वयस्कर माणसाचं बोट चुकत नाही.

पत्त्यात पिनकोड सगळ्यात शेवटी विचारायची आपली सवय आहे. तो आधी विचारावा. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या विद्वान टपाल अधिकाऱ्याने आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून टपाल वाट चुकू नये हाच तिचा हेतू होता. पहिला अंक विभाग सांगतो आणि पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी जिथे होते तो जिल्हा. सहा अंक मिळाले की राज्य आणि जिल्हा यंत्राने स्वतः भरावेत. एका पिनकोडात अनेक गावं येतात, म्हणून गावाची छोटी यादी द्यावी आणि भरलेलं बदलण्याची मोकळीक ठेवावी. देशातल्या सगळ्या राज्यांची यादी उघडून तिच्यात महाराष्ट्र शोधायला लावण्यापेक्षा हे किती तरी बरं. आणि कायमचा पत्ता सध्याच्या पत्त्यासारखाच असेल तर तो पुन्हा लिहायला लावू नये. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत, एकाच कामात तीच माहिती पुन्हा टाइप करायला लावू नका, अशी अटच आली आहे.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडणं हा आणखी एक उगाचचा छळ. १९५८ साली जन्मलेल्या माणसाला महिन्यामागून महिना मागे जायचं असेल तर बाणावर आठशेच्या आसपास वेळा बोट टेकवावं लागेल. वर्ष बदलायची सोय बहुतेक कॅलेंडरांत असते, पण वरच्या बारीक अक्षरांतल्या सालावर टेकलं की ती उघडते हे कोणी सांगितलेलं नसतं. आपली जन्मतारीख माणसाला पाठ असते. दिवस, महिना, वर्ष असे तीन छोटे रकाने दिले की तो दहा सेकंदांत मोकळा होतो. कॅलेंडर हवं ते पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेताना, कारण तिथे वार पाहावा लागतो.

प्रश्न कुठे लिहायचा

इटलीतले संशोधक मातेओ पेन्झो यांनी २००६ साली फॉर्म भरणाऱ्यांची नजर कशी फिरते ते यंत्राने मोजलं. प्रश्न डावीकडे आणि रकाना लांब उजवीकडे असेल तर एकावरून दुसऱ्यावर नजर जायला सुमारे अर्धा सेकंद लागत होता. प्रश्न रकान्याच्या थेट वर असला की त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम होत होतं. फोनच्या अरुंद पडद्यावर तर वर लिहिण्यावाचून इलाज नाही. रकान्याच्या आत फिकट राखाडी अक्षरांत प्रश्न लिहायची फॅशन मात्र घातक आहे. पहिलं अक्षर टाइप करताच प्रश्न नाहीसा होतो, आणि मध्येच कोणी हाक मारली तर परत आल्यावर आपण काय लिहीत होतो ते कळत नाही. ती फिकी अक्षरं उन्हात, कमी नजरेला दिसतही नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असा निकष आहे.

लोक जो शब्द वापरतात तो प्रश्नात असावा. ‘अधिवास प्रमाणपत्र क्रमांक’ लिहिलं तर त्याच ओळीत ‘डोमिसाइल’ही लिहावं, आणि तो क्रमांक कागदावर नेमका कुठे असतो हे छोट्या चित्राने दाखवावं. पासवर्डबाबत एवढंच सांगतो: एक मोठं अक्षर, एक अंक, एक खूण असल्या सक्ती करू नका आणि पासवर्ड चिकटवायला बंदी घालू नका, असं अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितलं आहे. लांब पासवर्ड पुरतो.

चूक दाखवताना

आता फोटो. ‘२० ते ५० केबी, जेपीजी, पार्श्वभूमी पांढरी.’ फोनचा कॅमेरा काढतो तो फोटो काही एमबीचा असतो. मुलीने भिंतीपुढे उभं राहून छान फोटो काढून घेतलेला असतो, ती तो चढवते, गोल फिरणारं चिन्ह थोडा वेळ फिरतं आणि लाल अक्षरांत येतं: ‘इनव्हॅलिड फाइल’. काय चुकलं? आकार, प्रकार की फोटोतला चेहरा? संदेश सांगत नाही. यानंतर पान नव्याने उघडतं आणि आधी भरलेल्या रकान्यांतले निम्मे रिकामे झालेले असतात. नेट कॅफेतल्या मुलाच्या कमाईचा मोठा वाटा याच जागी आहे: फोटो आणि सही लहान करून देणं. पण फोटो लहान करणं ब्राउझरला स्वतःला येतं. फॉर्मने मोठा फोटो घ्यावा, चौकट दाखवून चेहरा मध्ये आणू द्यावा आणि हवा तेवढा लहान करून पाठवावा. केबी म्हणजे काय हे माहीत असण्याची अट नर्सिंगच्या प्रवेशाला कशासाठी?

चूक सांगायची तर तीन गोष्टी पाळाव्यात असं मला वाटतं. काय झालं आणि आता काय करायचं हे दोन्ही सांगावं: ‘मोबाइल नंबरात ९ अंक दिसतात, १० हवेत.’ तो संदेश त्या रकान्यालगत असावा, आणि फॉर्म लांब असेल तर पानाच्या वरही सगळ्या चुकांची यादी असावी, जिच्यावर टेकलं की थेट त्या रकान्यापाशी जाता येईल. आणि भरलेलं काहीही पुसलं जाऊ नये, ही तिसरी. वेळही महत्त्वाची आहे. पहिला अंक टाइप होतो न होतो तोच ‘नंबर अपूर्ण आहे’ असं ओरडणारे फॉर्म असतात. माणूस रकाना भरून पुढे सरकेपर्यंत थांबावं. नुसती लाल चौकट पुरत नाही, कारण लाल-हिरवा भेद न दिसणारे अनेक आहेत, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने फॉर्म भरणाऱ्या अंध व्यक्तीला रंग पोचतच नाही. तिच्यासाठी प्रश्न आणि रकाना एकमेकांशी कोडमध्येही बांधलेले असावे लागतात. तसं असलं की प्रश्नावर टेकल्यावरही रकाना उघडतो, म्हणजे थरथरत्या हातांनाही मोठं लक्ष्य मिळतं.

ओटीपीने एक वेगळीच अडचण आणली आहे. स्वस्त फोनची स्मरणशक्ती कमी असते. फॉर्म भरता भरता मेसेज बघायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलं की फोन मागचं पान विसरतो, आणि परत आल्यावर कोरा फॉर्म समोर येतो. ब्राउझरला ‘हा रकाना ओटीपीचा आहे’ असं सांगायची सोय आहे. मग अनेक फोनांवर तो अंक वरच्या वर सुचवला जातो आणि बाहेर जावंच लागत नाही. घरात एकच नंबर असेल आणि तो फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असेल, तर बाईने संध्याकाळपर्यंत थांबायचं का? १० मिनिटांची मुदत देणाऱ्याने या घराचा विचार केलेला नसतो. भरलेलं आपोआप जतन व्हावं, नंतर येऊन पुढे भरता यावं, आणि मुदत ठेवणं भागच असेल तर संपण्यापूर्वी ती वाढवायचं बटण समोर यावं. वीज जाणं आणि नेटवर्क जाणं हे आपल्याकडे रोजचं आहे. फॉर्मने ते धरून चालावं.

लांब फॉर्मांसाठी ब्रिटनच्या सरकारी गटाने रूढ केलेली पद्धत मला सर्वांत पटते. एका पानावर एकच गोष्ट विचारायची, आधीच्या उत्तरावरून गैरलागू प्रश्न गाळायचे, आणि शेवटी सगळी उत्तरं एका पानावर मांडून प्रत्येकापुढे ‘बदला’ असा दुवा द्यायचा. पानांची संख्या वाढते, तरी माणूस वाट चुकत नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीही २००९ पासून मार्गदर्शिका आहे आणि २०२३ साली तिची तिसरी आवृत्ती आली. सर्वांना वापरता येण्याचे निकष तिच्यातही आहेत. आता ते पाळले गेले का हे पाहायला माणसं बसवायला हवीत. पाहायची रीत साधी आहे. फॉर्म ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या चार-पाच जणांना त्यांच्याच फोनवर तो भरू द्यावा, शेजारी बसावं आणि तोंड बंद ठेवावं. कुठे बोट थांबतं, कुठे भुवया वर जातात, कुठे ‘हे काय विचारलंय?’ असं तोंडून निघतं, ते टिपून घ्यावं. मदत करायचा मोह आवरला नाही तर फॉर्मचा दोष आपणच झाकून टाकतो.

सबमिट झाल्यावर काय, हा भाग बहुतेक जण विसरतात. ‘सक्सेसफुली सबमिटेड’ एवढं लिहून पान संपतं आणि माणूस धास्तीने त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवतो. तिथे अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरांत हवा, भरलेल्या अर्जाची पीडीएफ हवी, तोच क्रमांक एसएमएसने यायला हवा, आणि पुढे कोण, किती दिवसांत, काय कळवणार हे स्पष्ट हवं. दुरुस्तीची खिडकी किती तारखेपर्यंत उघडी आहे तेही तिथेच लिहावं. रात्री झोपताना कोणाला तरी आठवतं की बँक खात्याचा शेवटचा अंक ७ च्या जागी १ पडला. त्याला सकाळी फोनवरूनच अर्ज उघडून तो एक अंक बदलता यावा, जुना अर्ज रद्द करून पुन्हा पहिल्यापासून भरायची आणि शुल्क दुसऱ्यांदा द्यायची वेळ त्याच्यावर येऊ नये.